नियमावरची तारीख

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आपल्या स्वयंपाकघरात गॅस सुटला की जो उग्र वास येतो, तो गॅसचा वास नसतो. सिलिंडरमधला गॅस असो की नळाने घरात येणारा नैसर्गिक वायू, त्याला स्वतःचा म्हणावा असा वास नाही. सडक्या कोबीसारखा तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. मर्कॅप्टन नावाचं गंधकयुक्त रसायन त्यात अगदी थोडं घालतात आणि त्या थोडक्यावर आपला जीव अवलंबून असतो. आपण नाक मुरडतो, खिडकी उघडतो, रेग्युलेटर बंद करतो आणि विसरून जातो. हा वास नियमानं आलेला आहे, तो कुणीतरी कुठेतरी सक्तीचा केला, हे आपल्या गावीही नसतं.

तो सक्तीचा झाला त्यामागे एक शाळा आहे. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात न्यू लंडन नावाचं गाव आहे. तेलाच्या विहिरींमुळे पैसा आलेला हा भाग. शाळा मोठी, नवी, देखणी. १९३७ च्या सुरुवातीला शाळेनं पैसे वाचवण्यासाठी विकतचा गॅस बंद केला आणि शेजारून जाणाऱ्या तेल कंपनीच्या लाइनला जोड घेतली. तेल काढताना निघणारा तो वायू तसाही वाया जात असे. त्याला वास नव्हता. तो इमारतीखालच्या पोकळीत झिरपत राहिला. मुलांची डोकी दुखत होती म्हणतात. पण कुणाला काही कळायला मार्ग नव्हता. १८ मार्चला दुपारी तीननंतर, शाळा सुटायच्या बेतात असताना, कार्यशाळेतल्या एका यंत्राची ठिणगी पडली. जवळजवळ तीनशे जीव गेले. बहुतेक सगळी मुलं. त्याच वर्षी टेक्सासच्या विधिमंडळानं गॅसला वास देणं सक्तीचं केलं.

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण मराठी घेऊन बी.ए. गॅसच्या पाइपलाइनवर मी काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण आज मी पाइपलाइनबद्दल बोलतोय ते शब्दांमुळेच. माझा भाचा अमेरिकेत एका राज्यात गॅस कंपनीत नोकरीला आहे. त्याला मी एकदा विचारलं, ‘‘तुझं नेमकं काम काय रे?’’ तो म्हणाला, ‘‘मामू, तुम्ही करता तेच. दोन पुस्तकं शेजारी शेजारी ठेवायची आणि कुठे शब्द जुळत नाही ते शोधायचं.’’ त्यातलं एक पुस्तक केंद्राच्या नियमांचं, वॉशिंग्टनहून आलेलं. दुसरं त्याच्या राज्याचं. दोन्ही पाइपलाइनच्या सुरक्षेची. वरचं पुस्तक बदललं की खालचं बदलावं लागतं, आणि ते बदलेपर्यंत दोघांत अंतर राहतं. त्या अंतराबद्दल आज बोलायचं आहे.

आपल्याकडे जुन्या पोथ्या वाचणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही. त्याला आपण पाठभेद म्हणतो. नक्कल करणारा एक प्रत समोर ठेवून लिहितो. पुढे मूळ प्रतीत कुणी दुरुस्ती केली, तरी त्याच्या नकलेत जुनीच चूक राहते आणि त्या नकलेवरून पुढच्या दहा नकला होतात. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली, ती याच दुखण्यावर औषध म्हणून. आमच्याकडे उर्दू-फारसी पोथ्यांचे कातिब नकलेच्या शेवटी तारीख घालत. वाचणाऱ्याला कळावं, की ही प्रत कधीची आहे. पोथीत पाठभेद राहिला तर अर्थ बदलतो. गॅसच्या नियमात पाठभेद राहिला तर काय होतं, ते पुढे सांगतो.

आधी त्यांची व्यवस्था थोडक्यात. टेक्सासनं वासाचा कायदा केला तेव्हा अमेरिकेत पाइपलाइनच्या सुरक्षेचा देशभरासाठी असा कायदाच नव्हता. ज्या त्या राज्यानं आपापलं पाहावं, असा मामला होता. मार्च १९६५ मध्ये लुइझियाना राज्यात नॅकिटोश या गावाजवळ मोठी पाइपलाइन फुटली आणि सतरा माणसं गेली. त्यानंतर तीन वर्षांनी, १९६८ मध्ये, केंद्राचा कायदा आला आणि १९७० मध्ये त्याखालचे नियम आले. त्यांचा क्रमांक एकशे ब्याण्णव. गॅसच्या धंद्यातली माणसं नुसतं ‘एकशे ब्याण्णव’ म्हणतात, जसं आपण ‘चारशे वीस’ म्हणतो. पाइपचा पोलाद कसा असावा, सांधा कसा जोडावा, किती खोल पुरावा, किती दाबानं वायू सोडावा, गळती किती दिवसांनी तपासावी, वास किती असावा, सगळं त्यात आहे.

पण एवढा मोठा देश वॉशिंग्टनमध्ये बसून तपासता येत नाही. घराघरांत गॅस नेणाऱ्या नळ्यांचीच लांबी तिथे वीस लाख मैलांहून अधिक आहे. म्हणून कायद्यानं वाटणी केली. राज्याराज्यांतून पार जाणाऱ्या पाइपलाइन केंद्राकडे. राज्याच्या आतल्या आत राहणाऱ्या पाइपलाइन, म्हणजे गावातल्या, गल्लीतल्या, तुमच्या-माझ्या दारातल्या, या राज्याकडे. मात्र अट अशी, की राज्यानं केंद्राचे किमान नियम स्वतःचे म्हणून स्वीकारले पाहिजेत आणि दर वर्षी तसं लिहून दिलं पाहिजे. अलास्का आणि हवाई सोडून सगळी राज्यं या व्यवस्थेत आहेत. तपासणीच्या खर्चातला ऐंशी टक्क्यांपर्यंतचा वाटा केंद्र देऊ शकतं. केंद्राची माणसं दर वर्षी राज्याचं काम पाहून गुण देतात. नियम वेळेत स्वीकारले की नाही, यालाही गुण असतात. राज्याला केंद्रापेक्षा कडक नियम करता येतात, ढिले करता येत नाहीत. केंद्राचा नियम म्हणजे जमीन आहे, छत नव्हे.

राज्यात हे काम कुणी करायचं, ते ज्याचं त्यानं ठरवलेलं. कुठे त्याला पब्लिक युटिलिटीज कमिशन म्हणतात. टेक्सासात या खात्याचं नाव आजही रेलरोड कमिशन आहे. रेल्वेशी आता त्याचा काही संबंध उरलेला नाही. पण नाव तेच. नावं सहसा बदलत नाहीत. नियम मात्र बदलत राहतो.

तो कसा बदलतो? राज्यं सगळा एकशे ब्याण्णव पुन्हा लिहून काढत नाहीत. आपल्या नियमात एक वाक्य घालतात: ‘केंद्राचे अमुक भागातले नियम या राज्याचे नियम समजावेत.’ इथेच खरी मेख आहे. काही राज्यं या वाक्यापुढे लिहितात, ‘वेळोवेळी सुधारल्याप्रमाणे.’ म्हणजे केंद्रानं उद्या बदल केला की तो आपोआप इथे लागू. बाकीची राज्यं लिहितात, ‘अमुक वर्षाच्या अमुक तारखेला होते त्याप्रमाणे.’ म्हणजे त्या तारखेपर्यंतचे बदल इथे लागू, नंतरचे नाहीत. ते लागू करायचे तर ती तारीख पुढे सरकवावी लागते. त्यासाठी मसुदा निघतो, नोटीस निघते, हरकती मागवतात, सुनावणी होते, ठराव होतो. केंद्र यासाठी साधारण दोन वर्षांची मुदत धरून चालतं. माझ्या भाच्याच्या राज्यात तारखेची पद्धत आहे. तो म्हणतो, ‘‘मामू, एका आकड्यासाठी आम्ही महिनोन्‌महिने कागद फिरवतो.’’

मग सगळेच ‘वेळोवेळी सुधारल्याप्रमाणे’ का लिहीत नाहीत? ते आळशी आहेत, असं मुळीच नाही. त्यामागे दोन कारणं आहेत आणि दोन्ही विचार करण्यासारखी आहेत. पहिलं असं, की अजून लिहिलाच न गेलेला नियम आजच स्वीकारायचा म्हणजे आपली लेखणी दुसऱ्याच्या हातात देणं. कोऱ्या कागदावर सही करण्यासारखं. लोकांनी निवडून दिलेल्या विधिमंडळाला तसं करता येतं का, यावर अनेक राज्यांतल्या न्यायालयांनी ‘नाही’ असं उत्तर दिलेलं आहे. दुसरं कारण व्यवहाराचं. केंद्र नेहमी नियम कडकच करेल, असं कुठे आहे? उद्या त्यानं एखादा नियम सैल केला, तर ‘वेळोवेळी’ म्हणणारं राज्य नकळत सैल होईल. तारीख घातलेलं राज्य निदान थांबून विचार करेल. म्हणजे ती तारीख ही एक कडीही आहे आणि एक अडसरही.

आता अंतराकडे येतो. वर नियम बदलला, खाली तारीख जुनीच आहे, अशा काळात काय होतं? कायद्याचं उत्तर सोपं आहे: राज्य तो नवा नियम स्वीकारेपर्यंत त्याच्यापुरती जबाबदारी केंद्राकडे. कागदावर पोकळी कुठेच नाही. पण रस्त्यात खड्डा खणलेला असतो, वेल्डर पाइपवर वाकलेला असतो आणि वर काठावर जो निरीक्षक उभा असतो तो राज्याचा असतो. त्याच्या हातातलं पुस्तक जुनं. वॉशिंग्टनचा माणूस शेकडो मैल दूर. मनुष्यस्वभाव असा आहे, की ज्याचा दंड आपण करू शकत नाही ती गोष्ट आपल्याला हळूहळू दिसेनाशी होते.

आणि हे बदल किरकोळ नसतात. एक उदाहरण देतो. घराकडे येणारी नळी कुणाच्या कुदळीनं तुटली आणि वायू एकदम जोरात वाहू लागला, तर आपोआप बंद होणारी एक छोटी झडप असते. अंगठ्याएवढी. २००९ च्या केंद्राच्या नियमानं ती नव्या एकेकट्या घरांच्या जोडणीला सक्तीची झाली. २०१६ च्या नियमानं ती लहान सदनिकांच्या इमारतींना आणि छोट्या दुकानांना लागू झाली, आणि जुन्या घरातल्या माणसालाही ती मागण्याचा हक्क मिळाला. आता ज्या राज्याच्या नियमावर २०१५ ची तारीख होती, तिथे इमारतीतल्या बिऱ्हाडांचं काय? पहिल्या मजल्यावर म्हातारी राहते, दुसऱ्यावर तान्हं मूल. त्यांना दोन पुस्तकांतला फरक कुणी सांगितलेला नसतो.

पण सगळ्यात घातक अंतर तारखेतून पडत नाही. ते पडतं एका शब्दातून, तोही दोन्ही पुस्तकांत एकसारखा असलेल्या शब्दातून. इंग्रजीत त्याला ‘ग्रँडफादर क्लॉज’ म्हणतात. शब्दशः म्हणायचं तर आजोबांचं कलम. अर्थ असा: नवा नियम नव्यांना, जे आधीपासून आहे त्याला सूट.

या शब्दाचा इतिहास काळा आहे. यादवी युद्धानंतर काळ्या माणसांना मताचा हक्क मिळाला. तो काढून घेण्यासाठी दक्षिणेतल्या राज्यांनी मतदाराला लिहिता-वाचता आलं पाहिजे, मालमत्ता असली पाहिजे, अशा अटी घातल्या. पण मग गरीब, निरक्षर गोरेही त्यात सापडले. म्हणून लुइझियानानं १८९८ मध्ये कलम घातलं, की १ जानेवारी १८६७ रोजी ज्याला मताचा हक्क होता, किंवा ज्याच्या बापाला वा आजोबाला होता, त्याला या अटी नाहीत. त्या तारखेला काळ्या माणसाच्या आजोबाला तो हक्क असणं शक्यच नव्हतं. अशी कलमं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९१५ मध्ये रद्द केली. पण शब्द राहिला आणि साळसूद होऊन कायद्याच्या भाषेत रुळला. इमारतींत, वाहनांत, पाइपलाइनमध्ये.

आता कॅलिफोर्निया. नवी पाइपलाइन सुरू करण्याआधी ती पाण्यानं भरून, नेहमीच्या दाबापेक्षा जास्त दाब देऊन तपासायची, असा नियम या राज्यानं केंद्राच्याही आधी, १९६१ मध्ये केला होता. केंद्रानं तो १९७० मध्ये केला. पण दोन्ही नियमांनी जुन्यांना सूट दिली. केंद्र म्हणालं, जी लाइन आधीपासून चालू आहे, ती गेल्या पाच वर्षांत ज्या जास्तीत जास्त दाबानं चालली त्याच दाबानं चालू द्या. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. इतकी वर्षं टिकली, म्हणजे चांगलीच असणार. आपणही घरातल्या जुन्या पंख्याबद्दल असंच म्हणतो.

सॅन फ्रान्सिस्कोजवळ सॅन ब्रुनो नावाचं उपनगर आहे. तिथे रस्त्याखालून १९५६ मध्ये टाकलेली तीस इंच व्यासाची गॅसची लाइन जात होती. कंपनीच्या नोंदींत लिहिलं होतं, की तिथला पाइप सांधा नसलेला, अखंड आहे. प्रत्यक्षात तिथे आखूड तुकडे एकमेकांना जोडलेले होते आणि त्यांच्या लांबीवरचं वेल्डिंग धड पूर्णही झालेलं नव्हतं. ५४ वर्षं ते जमिनीखाली तसंच होतं. ९ सप्टेंबर २०१० च्या संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर ते फाटलं. विमानतळ जवळ असल्यामुळे लोकांना वाटलं विमान कोसळलं. पाइपचा अठ्ठावीस फुटांचा तुकडा शंभर फूट लांब जाऊन पडला. आठ माणसं गेली. अडतीस घरं जळून खाक झाली. आणि गॅस बंद व्हायला पंचाण्णव मिनिटं लागली, कारण झडपा हातानं बंद करायच्या होत्या. घरात बसून पंचाण्णव मिनिटं घड्याळ पाहून बघा. एक हिंदी सिनेमा मध्यंतरापलीकडे जातो.

अमेरिकेत अपघातांची चौकशी करणारं स्वतंत्र मंडळ आहे, नॅशनल ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्ड. त्यानं २०११ च्या अहवालात स्पष्ट लिहिलं, की केंद्रानं १९७० पूर्वीच्या आणि राज्यानं १९६१ पूर्वीच्या लाइनना सूट दिली नसती, तर पाण्याच्या दाबाची चाचणी झाली असती आणि तो सदोष तुकडा बहुधा तेव्हाच उघडकीला आला असता. म्हणजे इथे वरचं पुस्तक आणि खालचं पुस्तक यांत पाठभेद नव्हता. दोन्ही जुळत होती. दोन्हींत एकच चूक होती. म्हणून मला वाटतं, नियम जुळवणं हे आवश्यक आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. नक्कल बिनचूक असून उपयोग काय, मूळ प्रतच चुकलेली असेल तर?

पुढचा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. कॅलिफोर्नियाच्या कमिशननं २०११ मध्येच आदेश काढला, की ज्या मोठ्या लाइनच्या चाचणीचा पुरावा नाही ती तपासा किंवा बदला. जुन्यांची सूट संपली. केंद्राला त्यासाठी ऑक्टोबर २०१९ उजाडला. तोवर नऊ वर्षं गेली होती. त्या नियमातही काम पुरं करायची शेवटची मुदत २०३५ ची आहे. फुटलेली लाइन लवकर बंद करणाऱ्या झडपांचा नियम २०२२ मध्ये आला. आणि हे सगळे बदल मग पुन्हा राज्याराज्यांच्या पुस्तकांत उतरायचे. पुन्हा मसुदा, नोटीस, सुनावणी, तारीख. वास सक्तीचा करताना टेक्सास केंद्राच्या पुढे होतं, सूट संपवताना कॅलिफोर्निया. राज्यानं नेहमी मागूनच चालावं, असं काही नाही.

कधी कधी भोक तिसऱ्याच पुस्तकात असतं. मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनच्या उत्तरेला, लॉरेन्स आणि अँडोव्हर ही गावं आहेत. १३ सप्टेंबर २०१८ रोजी तिथे जुनी बिडाची लाइन बदलण्याचं काम चालू होतं. दाब मोजणाऱ्या नळ्या बंद केलेल्या जुन्या लाइनलाच जोडलेल्या राहिल्या. जुन्या लाइनमधला दाब उतरला. यंत्राला वाटलं गावातला दाब उतरला, म्हणून त्यानं नव्या लाइनमध्ये वायू भरभरून सोडला. तीन गावांत घरांतल्या शेगड्या, बंब पेटले, घरं उडाली. १३१ इमारतींचं नुकसान झालं. एक तरुण मुलगा गेला. चौकशीत दिसलं, की त्या कामाच्या आराखड्यावर परवानाधारक इंजिनीअरची सही नव्हती; आणि ती असण्याची गरजही नव्हती, कारण राज्याच्या इंजिनीअरांच्या कायद्यात अशा कंपन्यांना सूट होती. त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला राज्यानं ती सूट काढून टाकली. अपघातापासून साडेतीन महिन्यांत. म्हणजे मनात आणलं तर होतं.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. अमेरिकेत कितीतरी लहान गावं स्वतःची गॅसव्यवस्था चालवतात. नगरपालिकेची दोन-चार माणसं, त्यातला एक मीटर वाचतो, तोच पाण्याचा नळही दुरुस्त करतो. त्यांच्या टेबलावर दर वर्षी नव्या नियमांचा गठ्ठा येऊन पडतो. प्रत्येक चाचणीचा खर्च शेवटी गिऱ्हाइकाच्या बिलात येतो आणि बिलाचा चटका गरिबाला आधी बसतो. म्हणून नियम स्वीकारताना राज्यानं सुनावणी घ्यावी, लहानांना मुदत द्यावी, शिकवावं, हे योग्यच आहे. पण मुदत वेगळी आणि सूट वेगळी. मुदतीला शेवट असतो.

तुम्ही म्हणाल, हे अमेरिकेचं झालं, आपलं काय? आपल्याकडे हा केंद्र-राज्य वाद एकदा झालेला आहे. गुजरातनं २००१ मध्ये गॅसचा स्वतःचा कायदा केला होता. प्रश्न राष्ट्रपतींमार्फत सर्वोच्च न्यायालयात गेला आणि मार्च २००४ मध्ये न्यायालयानं मत दिलं, की नैसर्गिक वायूवर कायदा करण्याचा अधिकार संसदेचा, राज्याचा नव्हे. मग २००६ चा कायदा आला आणि त्याखाली पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ. म्हणून मुंबई असो, पुणे असो की नाशिक, सुरक्षेचं पुस्तक एकच, दिल्लीचं. खाली नक्कल करायची गरज नाही.

पण अंतर इथेही आहे, फक्त जागा वेगळी. पुस्तक दिल्लीचं, रस्ता खणायची परवानगी महापालिकेची, खणणारा ठेकेदार, जेसीबी चालवणारा तिसराच, आग लागली तर अग्निशमन दल. केबल टाकताना गॅसची लाइन फुटल्याची बातमी आपण किती वेळा वाचतो! अमेरिकेत खणण्याआधी ८११ हा एकच क्रमांक फिरवायचा, ही सोय २००७ पासून आहे. आपल्याकडे खणण्याआधी कळवण्याचं अ‍ॅप मार्च २०२३ मध्ये आलं. ते किती ठेकेदारांच्या फोनमध्ये आहे, हे प्रत्येक नगरसेवकानं आपल्या वॉर्डात विचारून पाहावं. आमच्या कोकणात दाभोळहून बंगळुरूकडे गॅसची लाइन घाट चढून गेली आहे. तिच्या पट्ट्यात शेत कसता येतं, घर बांधता येत नाही, आंबा-काजू लावता येत नाही. शेतकऱ्यानं ते मान्य केलं. त्या बदल्यात ती लाइन वेळेवर तपासली जाईल, एवढा भरवसा त्याला मिळायलाच हवा.

कारण आपल्याकडेही किंमत मोजली गेली आहे. २७ जून २०१४ च्या पहाटे आंध्रात पूर्व गोदावरी जिल्ह्यातल्या नगरम गावात गेल कंपनीची लाइन फुटली आणि साचलेला वायू पेटला. वीसहून अधिक माणसं गेली, झोपेत असलेली. पाइप गंजलेला होता. गंजाला केंद्र काय, राज्य काय, सगळं सारखंच.

तर मला सुचतं ते एवढंच. आपल्या घरातल्या गॅसच्या सिलिंडरकडे नीट पाहा. वरच्या कड्याच्या आतल्या बाजूला एक अक्षर आणि दोन आकडे लिहिलेले असतात. ए म्हणजे वर्षाची पहिली तिमाही, बी दुसरी, सी तिसरी, डी चौथी, पुढे वर्ष. ती सिलिंडर बनवल्याची तारीख नव्हे. तो पुन्हा कधी तपासायचा, त्याची ती तारीख आहे. ती उलटून गेली असेल तर सिलिंडर घेऊ नये. शेगडीच्या नारिंगी रबरी नळीचंही तसंच आहे. पाच वर्षं झाली की बदलायची. ज्यानं कुणी ही पद्धत घातली, त्यानं फार शहाणपणाचं काम केलं आहे. वस्तू किती जुनी आहे, यावर तो थांबला नाही. तिला पुन्हा कधी पाहायचं, हे त्यानं लिहून ठेवलं.

नियमांवर बहुधा जन्मतारीख असते, तपासणीची तारीख नसते. अमेरिकेतल्या राज्यांना मी काय सांगणार? पण भाच्याला मी सांगितलं आहे, की तुमच्या त्या वाक्यात जी तारीख घालता, तिच्याशेजारी आणखी एक घाला: हा नियम वरच्या नियमाशी अमुक दिवशी पुन्हा ताडून पाहिला जाईल, आणि ज्यांना सूट दिली आहे त्यांची सूट अमुक दिवशी संपेल. तो हसला. म्हणाला, ‘‘मामू, सुनावणीला या, हरकत नोंदवा.’’ बोलावणं आलं तर जाईनही.

इथे मात्र हरकत नोंदवायला विमान लागत नाही. तुमच्या गल्लीत गॅसची लाइन असेल, तर ती कोणत्या वर्षी टाकली आणि शेवटची कधी तपासली, हे कंपनीला आणि महापालिकेला लेखी विचारा. उत्तराखाली तारीख मागा. उत्तर आलं नाही, तर पुन्हा विचारा.